यमुनाकाकूंच्या इटालियन बाया

यमुनाकाकू इटलीत शिरल्या त्या हातात विळी घेऊन.

नकाशातल्या इटलीत नव्हे. टोकियोच्या पूर्वेला फुनाबोरीत आम्ही राहायचो. तिथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती. सहा टेबलं, एक फळा आणि अकरा जपानी बायका, एवढीच ती इटली. पण काकू आत आल्या आणि तिथे जो हाहाकार उडाला, तसा खऱ्या इटलीत ज्वालामुखी फुटला तेव्हासुद्धा उडाला नसेल. मी तिथे नव्हते. पण माझं असं आहे, की न पाहिलेलं मला पाहिलेल्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं.

चूक कुणाची म्हणाल, तर दोन अक्षरांची. नव्वदच्या त्या वर्षांत सगळ्या टोकियोला इटालियन खाण्याचं वेड लागलं होतं, आणि काकूंना वाटत होतं की आपणही ते लाल रश्श्यातले शेवयांचे प्रकार शिकावेत, त्यात चार मिरच्या घालाव्यात आणि इटलीचं भलं करावं. सुनेनं, म्हणजे मंजिरीनं, त्यांना कताकाना शिकवली होती. परदेशी शब्द लिहायची ही जपानी लिपी महिनाभरात येते. चिनी चित्राक्षरं मात्र सात जन्म येत नाहीत. मंजिरीच्या पाककृतींच्या मासिकावर कताकानात ‘इतारिया’ आणि पुढे दोन चित्राक्षरं असायची. सेंटरच्या बोर्डावरही ‘इतारिया’ आणि पुढे दोन चित्राक्षरं. “दोन म्हणजे दोन! मोजली की मी!” काकू पुढे कित्येक महिने तणतणत होत्या. मासिकावरच्या दोन अक्षरांचा अर्थ होता स्वयंपाक. बोर्डावरच्या दोन अक्षरांचा अर्थ होता गोष्टी.

काकूंनी पाचवारीवर एप्रन बांधला, पिशवीतून मिरजेची घडीची विळी काढली, पहिल्याच टेबलावर फटकन उघडली आणि विचारलं, “कांदे कुठायत?” मराठीत. अकरा जपानी बायका एका उडीत खिडकीपाशी. फळ्याजवळ एक उंच, काटकुळे, साठी ओलांडलेले गृहस्थ उभे होते. ते तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं, कमरेत वाकून नमस्कार केला आणि स्वच्छ हिंदीत म्हणाले, “मेमसाब, आराम से.”

हे मिझुनो-सान. उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर. मुंबई गोदीत त्यांचं जहाज इतक्यांदा लागलं होतं की हमालांची हिंदी त्यांना तोंडपाठ. जिनोआ बंदरात इतक्यांदा, की इटालियनही येत होतं. निवृत्तीनंतर बायको वारली, मुलंबाळं नव्हती, तेव्हा हे दर मंगळवारी वॉर्डातल्या बायकांना सहाशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या गोष्टी वाचून दाखवायचे. आणि गोष्टी कसल्या! व्यापाऱ्यांच्या बायका, सरदारांच्या विधवा लेकी, मठातल्या जोगिणी, आणि त्यांची चोरटी, बंदी घातलेली, जिवावर उदार झालेली प्रेमं.

“मग मी म्हटलं, आलोच आहे तर ऐकून जातो,” काकू मला सांगत होत्या.

काकू मिरजेच्या. तिकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. माझ्यासारख्या पुण्याच्या पोरीला पहिले आठ दिवस वाटायचं, ही बाई स्वतःबद्दल बोलतेय की नवऱ्याबद्दल? नवरा तर कधीच गेला होता. मिरज स्टेशनात पार्सल क्लार्क होते ते. मुलगा शिरीष बारा वर्षांचा असताना वारले, आणि काकूंनी इस्पितळातल्या रोग्यांच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे पोचवून पोराला इंजिनिअर केलं. मंजिरीच्या बाळंतपणाला म्हणून त्या फुनाबोरीला आल्या आणि नात रांगायला लागली तरी राहिल्या. शिरीष टोकियोतल्या एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. साहेब जपानीत बोलायला लागला की याची मान आपोआप खाली, आणि प्रत्येक वाक्याला “हाय, हाय.” जपानीत ‘हाय’ म्हणजे हो, पण हापिसात त्याचा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच. फोनवर बोलतानाही हा वाकायचा. एकदा फोनवर वाकताना मिसळणाच्या डब्यात नाक बुडवून घेतलं, हे मी स्वतः पाहिलंय. बरं, जवळजवळ स्वतः.

मंगळवारी वाचन संपलं की मिझुनो-सान काकूंना तीच गोष्ट हिंदीत सांगायचे, आणि काकू गुरुवारी आम्हाला. गुरुवार हा आमच्याकडे न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. सकाळी डबे-बाटल्या खाली नेऊन ठेवायच्या आणि मग सगळ्या मराठी बायका माझ्या घरी चहाला. नवरे हापिसात, आम्हाला नोकरीचा व्हिसा नाही, जपानी धड येत नाही. टीव्हीवरची जाहिरातसुद्धा तोंडाकडे बघून समजून घ्यायची. त्यात काकूंचा गुरुवार म्हणजे काय सांगू! इचिकावाहून सुधा वागळे दोन गाड्या बदलून यायची. नऊ बायका सहा तातामींच्या, म्हणजे सहा चटयांएवढ्या खोलीत दाटीवाटीनं, आणि मधोमध काकू मांडी घालून. श्वास घ्यायलाही पाळी लावावी लागायची.

काकू त्या गोष्टी जशाच्या तशा सांगतील तर शपथ. नावांना जीभ वळायची नाही, म्हणून लुक्रेत्सियाची लक्ष्मी झाली आणि तोमासोचा तमाण्णा. ड्यूक म्हणजे संस्थानिक, न्यायाधीश म्हणजे मामलेदार, आणि कुणी वीणेसारखं काही वाजवणारा निघाला तर त्याचे वडील हमखास मिरजेत सतारी बनवायचे.

“लक्ष्मीचा नवरा लोकरीचा व्यापारी,” काकू सुरू करायच्या. “वय किती? त्याच्यापुढं आमचा मिरजेचा किल्ला पोरगा वाटंल. आणि तमाण्णा रंगारी. हात कोपरापर्यंत निळे. साबण घासा, दगड घासा, नीळ काय जायची नाही. आता रंगाऱ्यानं प्रेम केलं म्हणजे हात लावणारच की गं! सकाळी नवरा उठून बघतोय तर लक्ष्मीच्या पाठीवर निळा पंजा. पाचच्या पाच बोटं!”

“अगंबाई!” सुधा किंचाळली. शेजारच्या जपानी बाईनं भिंतीवर टकटक केली.

“दवंडी पिटली. उद्या सकाळी लक्ष्मी मामलेदारापुढं उभी. तशी लक्ष्मी गेली पाणवठ्यावर. बायकांना म्हणाली, बायांनो, तुमच्यातल्या कुणाच्या पाठीवर कुणाचा हात फिरला ते मला ठाऊक आहे, मी काय बोलणार नाही. पण उद्या मला एकटीला उभं करू नका. झालं. दुसऱ्या दिवशी मामलेदार बघतोय, तर गावातली एकूण एक बाई पाठीवर निळा पंजा घेऊन हजर! आणि पहिल्या रांगेत कोण? मामलेदाराची बायको!”

आम्ही इतक्या हसलो की खालच्या मजल्यावर भूकंप समजून माणसं टेबलाखाली गेली. सुधा तर लोळली. “काय बायका होत्या हो काकू! अशी एकी पाहिजे!” असं म्हणून तिनं माझा हात दाबला. हे सुधाचं वाक्य ध्यानात ठेवा. मी तर विसरूच शकत नाही.

सगळ्याच गोष्टी अशा हसवणाऱ्या नसत. एका संस्थानिकाची विधवा मुलगी विहीर खणायला आलेल्या माणसावर जीव लावते. बाप त्याला विहिरीतच गाडतो आणि मुलीला म्हणतो, चारचौघांत सांग की त्यानं तुला फसवलं, म्हणजे तू सुटशील. ती सगळ्या दरबारापुढे म्हणते, “त्यानं नाही फसवलं. दोर मीच सोडला होता.” काकू हे वाक्य इतक्या सहज म्हणाल्या, जसं काही डब्यात आमटी मीच भरली होती. कागदी रुमालांचं अख्खं खोकं संपलं.

“त्या बायांचं मला एक आवडतं बघ,” काकू म्हणायच्या. “सापडल्या की रडत नाहीत. बोलतात.”

“आणि मरतात,” मंजिरी म्हणाली.

“मरतात तर मरतात. न बोललेल्या कुठं जिवंत राहिल्या?”

काकूंचं गोष्टीचं शास्त्रही ठरलेलं होतं. “मोहरी तडतडली पाहिजे,” त्या मला बजावायच्या. “पण नंदे, तडतडली की लगेच झाकण. तू उघडंच ठेवतीस. तुझी फोडणी सगळ्या घरभर उडती.”

उडाली. अशी उडाली की काय सांगू.

एका मंगळवारी दुपारी मी अराकावा नदीच्या बांधावरून सायकलनं येत होते. खाली बाकावर काकू आणि मिझुनो-सान. काकूंचा उजवा तळवा उघडा, आणि मिझुनो-सान एका बोटानं त्यावर काहीतरी करतायत. थांबतायत, पुन्हा करतायत. काकू हसतायत. बस्स. एवढंच पाहिलं, तेही सायकलवरून, तेही उतारावर. पण घरी पोचेपर्यंत माझ्या आत मोहरी तडतडायला लागली होती. मी सुधाला फोन लावला आणि म्हटलं, “सुधे, काकूंचा हात त्यांच्या हातात होता!” इथवर ठीक. पण सुधा “पुढे?” म्हणाली, आणि माझ्यासारख्या बाईला कुणी “पुढे?” म्हटलं की पुढे काही नाही असं सांगणं जिवावर येतं. मी थोडा सूर्यास्त घातला. थोडे डोळ्यांत डोळे. सुधानं तो फोन ठेवून दुसरा लावला तेव्हा एक अंगठी आली. संध्याकाळपर्यंत इचिकावात असं ठरलं होतं की दोघांनी देवळात जाऊन लग्न उरकलंय आणि काकू जहाजानं इटलीला निघाल्यात. शनिवारी एका जेवणात कुणाच्या तरी नवऱ्यानं हसत हसत शिरीषला विचारलं, “काय रे, नवीन बाबा कसे आहेत?”

रविवारी सकाळी शिरीषनं मला आणि सुधाला आपल्या घरी बोलावलं. पाचव्या मजल्यावरची ती खोली, शिरीष भिंतीला टेकून, मंजिरी बाळाला घेऊन दारात, आणि काकू मधोमध मेथी निवडत बसलेल्या.

“आई, पुढच्या रविवारचं तिकीट काढलंय तुझं,” शिरीष म्हणाला.

“का रे?”

“लोक काय काय बोलतायत.”

“काय बोलतायत? सांग की.”

शिरीषनं सुधाकडे पाहिलं, सुधानं माझ्याकडे, आणि मी मेथीकडे.

“नंदे, तू काय पाहिलंस?”

“हात, काकू.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं…” मी मेथीची एक जुडी पुढे ओढली. “बाकीचं मी घातलं.”

काकू मोठ्यानं हसल्या. “अगं खुळे, जहाजावरनं तारेनं नाव कसं पाठवतात ते दाखवत होता तो. माझंच नाव. टिक टिक, टक. यमुना म्हणजे किती लांब असतंय ते मला तवा कळलं.” मग मेथीची काडी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, “गोष्ट बरी रचलीस. पण शेवट ठरवल्याशिवाय सुरू करू नये.”

शिरीषच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. “म्हणजे काही नाहीच! आई, आधी नाही का सांगायचं!”

“नव्हतंच,” काकू म्हणाल्या. आणि थांबल्या. हातातली मेथी टोपलीत ठेवली. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी फुगवून सांगितल्यात, पण त्या थांबण्यात मी एक क्षणही वाढवत नाही. बाळ दोनदा रडून गप्प झालं इतका वेळ त्या थांबल्या. “नव्हतं. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून विचारलंत, म्हणून आता विचार केला. बावीस वर्षं मी लोकांच्या पोटाचं बघितलो. मला काय आवडतं, असं कोण विचारलंच नव्हतं. आता विचारलायसा तर सांगतो. आवडतो मला तो माणूस.”

“आई!”

“ओरडू नको, पोरगी उठंल.”

“आई, तू सत्तावन्न वर्षांची आहेस!”

“अठ्ठावन्न. आणि त्याला अजून मी काय बोललो नाही. त्याच्या मनात काय आहे ते मलाही ठाऊक नाही. पण खोटं बोलून मी तुझ्या घरात राहणार नाही, आणि खोटं बोलून मिरजेलाही जाणार नाही.”

सुधा उठली. “काकू, गोष्टीत हे सगळं ठीक असतं,” एवढं म्हणाली आणि चपला घालायला लागली. मघाच्या तिच्या वाक्याशी हे वाक्य तुम्हीच जुळवून पाहा. तिकीट होतं तिथेच राहिलं.

त्या गुरुवारी माझ्याकडे एकही बाई आली नाही. न जळणारा कचरा मात्र सगळ्यांनी वेळेवर नेऊन ठेवला. दहा कप मांडून मी बसले होते. साडेदहाला काकू आल्या, मांडी घालून बसल्या, एक कप उचलला आणि म्हणाल्या, “आज गोष्ट नाही. चल माझ्याबरोबर. गावभर तूच केलंस, आता त्याला तेवढं सांगायचं राहिलंय.”

मिझुनो-सान कम्युनिटी सेंटरच्या व्हरांड्यात पुस्तकांना कव्हरं घालत होते. माझी तयारी अशी होती, की मी प्रस्तावना करीन, जरा आडून सुचवीन. कसलं काय! काकू सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “साब, हमको आप अच्छा लगता. रविवार को हमारा विमान है. आपका क्या है, बोलो.”

त्या माणसाच्या हातातलं कव्हर खाली पडलं. मी शपथेवर सांगते, कागद पडल्याचा आवाज तोफेसारखा झाला. हिंदी, इंग्रजी, इटालियन सगळ्या भाषा त्यांच्या तोंडावर येऊन परत गेल्या आणि शेवटी जपानीच निघाली. “चोत्तो… कांगाएसासेते कुदासाई.” जरा विचार करू द्या. कमरेत वाकले, ते वाकलेलेच राहिले.

“काय म्हटला?”

मी सांगितलं. आणि रात्री आमच्या ह्यांना विचारलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. “जपानी माणूस ‘विचार करतो’ म्हणाला म्हणजे नाही. आमच्या प्रोजेक्टचा असा विचार ते तीन वर्षं करतायत.” काकूंना हे सांगायचं काम माझ्याकडेच. त्यांनी ऐकलं. “बरं तर,” म्हणाल्या. “विचारलो तरी.” आणि बॅग भरायला घेतली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या त्या वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

शनिवारी संध्याकाळी मी निरोपाच्या चकल्या घेऊन गेले होते. बेल वाजली. दारात मिझुनो-सान. काळा सूट, काळे बूट, आणि हातात मिठाईचा भला मोठा खोका. खोक्याला इतका सुबक कागद, की फाडायला पाप वाटावं. आत आले, तातामीवर गुडघे टेकून बसले, हात पुढे टेकले. त्यांच्यासमोर शिरीषही आपसूक गुडघ्यांवर आला. आठ वर्षांची सवय. सुटातला वयस्क जपानी माणूस दिसला की याचे गुडघे ह्याला न विचारता वाकतात.

मिझुनो-सान जपानीत बोलायला लागले, आणि मंजिरी हळूच आम्हाला मराठीत सांगत होती. उशीर झाला, क्षमा असावी. “हाय.” चोशीला, समुद्राकाठी, पत्नीच्या समाधीवर गेलो होतो. “हाय.” तिला विचारल्याशिवाय उत्तर देणं बरं नव्हतं. “हाय.” तिथे दोन रात्री राहिलो. “हाय.” इथे मी टाचा उंचावल्या, कारण तेवढं जपानी मलाही कळत होतं. जपानात रीत अशी, की मुलगा मुलीच्या बापापुढे गुडघे टेकतो आणि म्हणतो, तुमची मुलगी मला द्या. ठरलेलं वाक्य आहे, सिनेमात पन्नासदा ऐकलेलं. इथे बाप नव्हता, मुलगी अठ्ठावन्नची होती. मिझुनो-सान यांनी वाक्यातला एकच शब्द बदलला.

“ओकाआसान ओ, वाताशी नि कुदासाई.” तुमची आई मला द्या.

“हाय,” शिरीष म्हणाला.

मिझुनो-सान यांचं कपाळ तातामीला टेकलं. “आरिगातो गोझाइमास!” मनापासून आभार.

शिरीषचा चेहरा! बँकेचं सगळं सॉफ्टवेअर एका क्षणात पुसलं गेलं असतं, तरी तो इतका पांढरा पडला नसता. “नाही… म्हणजे… ते हाय म्हणजे… मी ऐकत होतो फक्त! मंजिरी, सांग ना यांना!”

मंजिरीनं बाळाच्या कुशीत तोंड खुपसलं होतं. ती हसत होती की रडत होती, हे मी आजही सांगू शकत नाही.

“शिरीष,” काकू म्हणाल्या. आता आवाज अगदी खाली. “चुकून दिलेला शब्द मी धरत नाही. नको असंल तर नाही म्हण. उद्या मी जातो. फक्त त्यांच्याकडं बघून नको, माझ्याकडं बघून म्हण.”

शिरीषनं मान वर केली. बारा वर्षांचा असताना कसा दिसत असेल, ते मला तेव्हा कळलं. “आणि मग तू तिकडे राहणार? त्यांच्याकडे?” त्यानं विचारलं. “मी आलो तर… तिथे जेवायला मिळेल मला?”

“खुळ्या,” काकू म्हणाल्या, “बावीस वर्षं परक्यांना डबे दिले, तुला नाही देणार?”

शिरीष मिझुनो-सानकडे वळला. या वेळी वाकला नाही. ताठ बसून, नीट डोळ्यांत बघून, एक-एक अक्षर सुटं करत म्हणाला, “हाय.”

पुढचं सांगत बसले तर कचऱ्याचे चार दिवस उलटतील. मिरजेहून पतीच्या मृत्यूचा दाखला, वकिलातीतून लग्नाला हरकत नसल्याचा कागद, त्या कागदाचं जपानी भाषांतर, त्या भाषांतराचा शिक्का. इटलीतल्या बापांनी विहिरी बुजवल्या, बुरूज बांधले, पण कुणाही बापाला इतकी कागदपत्रं सुचली नाहीत. सुधा तीन महिने अबोल राहिली. चौथ्या महिन्यात फोन करून म्हणाली, “गुरुवार केव्हापासून पुन्हा?” काकू पुढे चोशीला राहायला गेल्या आणि समुद्राकाठी नऊ वर्षं सुखानं नांदल्या. आता त्या नाहीत. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले होते, तर माझ्याच कानात पुटपुटल्या, “नंदे, मी गेल्यावर मला वाढवून सांगशील, ठाऊक आहे मला. सांग. पण त्यांची उंची आहे तेवढीच सांग.” म्हणून वर नुसतं उंच म्हटलंय. एरवी साडेसहा फूट म्हणणार होते.

पण मला काकू आठवतात त्या वॉर्ड ऑफिसच्या काउंटरपाशी. जपानात लग्न म्हणजे एक फॉर्म. ना अंतरपाट, ना अक्षता. त्या फॉर्मवर खाली दोन चौकोन असतात, साक्षीदारांचे. एका चौकोनात शिरीषनं सही केली. दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवून काकूंनी पेन माझ्या हातात दिलं.

“मी? काकू, अहो, ते सगळं मीच तर…”

“म्हणूनच की. न पाहिलेलं गावभर सांगितलंस. आता पाहिलेलं लिहून दे.”

काउंटरपलीकडचा कारकून थांबला होता. मिझुनो-सान नव्या टायला हात लावून उभे होते. मी खाली वाकले आणि लिहिलं: नाव, पत्ता, जन्मतारीख. जन्मसालात एक वर्षही कमी केलं नाही.